बंद घरापुढची रांगोळी

आमच्या घराच्या पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलेलं मी कित्येक वर्षं पाहिलं नाही. घर उघडं असायचं असा याचा अर्थ नाही. उलट औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, गारखेड्याच्या आमच्या गल्लीत आमच्याइतकं बंद घर दुसरं नसेल. पण आईचं म्हणणं असं, की बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे चोराला धाडलेलं आमंत्रण. कुलूप दिसलं की त्याला कळतं, आत कुणी नाही. म्हणून गावाला जाताना ती पुढचं दार आतून लावायची. वरची कडी, खालची कडी आणि त्यावर आडवा लाकडी अडसर. मग मागच्या दाराने बाहेर पडायची. मागे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यात एक अरुंद बोळ आहे, तिथं कुणाची नजर जात नाही. तिथं ती कुलूप लावायची, ओढून बघायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची आणि पुन्हा ओढून बघायची. रिक्षावाला हॉर्न वाजवायचा, वडील घड्याळाकडे बघायचे. आयुष्यातला केवढा वेळ त्या बोळाच्या तोंडाशी पिशव्या धरून उभं राहण्यात गेला, हे आठवलं की अजून पाय दुखतात.

रस्त्यावरून बघणाऱ्याला आई घरात असली काय आणि नसली काय, घर अगदी तसंच दिसायचं. याचा तिला अभिमान होता.

हे सगळं ती माहेराहून घेऊन आली होती. पाचोडला तिच्या लहानपणी, अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या रझाकारी दिवसांत, दिवस मावळायच्या आत दारं लागायची, अडसर बसायचा आणि मुलांना खोकायचीसुद्धा चोरी असायची. भिंतीला भिंत लागून असलेली आमची शेजारीण मूळची सिल्लोडची. तिला सगळी गल्ली आपा म्हणायची, आम्हीही आपाच म्हणायचो. तिच्या आजीच्या घरालाही असाच अडसर होता, फक्त तो ॲक्शननंतर बसवलेला. एका घराने आधी दार लावलं, दुसऱ्याने नंतर. दोघी दुपारी ओट्यावर तांदूळ निवडत हे बोलायच्या, नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलावं तसं. माझी आई घाबरट नव्हती. घाबरणं हे तिच्या लेखी रोजचं काम होतं, भांडी घासण्यासारखं, आणि ती ते मन लावून करायची.

वडील गेल्यावर हे काम वाढलं. त्यांच्या नावाची पाटी तिने काढू दिली नाही. त्यांचे बूट पॉलिश करून दाराबाहेर ठेवायची, पंधरवड्याला त्यांची जागा थोडी बदलायची, म्हणजे कुणीतरी घालून आल्यासारखं वाटावं. तारेवर एक त्यांचा सदरा असायचाच. आणि अनोळखी माणसाने दार वाजवलं की ती आतूनच मोठ्याने म्हणायची, "अहो, बघा बरं कोण आलंय!" मग थोडं थांबायची, जसं कुणी उठून येईल म्हणून. मग स्वतःच खिडकीची फट उघडून विचारायची, काय पाहिजे. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात होते. हातातली वाटी तशीच राहिली. नंतर सवय झाली. सगळ्याचीच होते.

रांगोळीचं प्रकरण मात्र वडील असल्यापासूनचं. आई रोज सकाळी सडा टाकून दारापुढे चार पाकळ्यांचं एक फूल काढायची. उजवीकडची पाकळी नेहमी तोकडी, कारण तिकडे हात पोचवायला तिला गुडघा टेकावा लागे आणि ती तो टेकत नसे. गावाला जायची वेळ आली की प्रश्न पडायचा, दारापुढे रांगोळी दिसली नाही तर घर रिकामं असल्याचं कळणार. ते काम आपाकडे आलं. "मावशी, तुमी बेफिकीर जावा," आपा म्हणाली, आणि पहिल्याच सकाळी तिने आमच्या दारापुढे मेंदीच्या हातावर असावी तशी वेलबुट्टी काढून ठेवली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. परत आल्यावर आईने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"इतकी चांगली काढू नको गं," ती आपाला म्हणाली. "मला अशी येती व्हय? चोराला लगेच कळंल, ही बाई घरात नाय."

मग आईने तिला स्वतःची रांगोळी शिकवली. वाईट रांगोळी शिकवायला फार वेळ लागला. आपाचा हात वळणदार, पाकळ्या आपोआप सारख्या यायच्या. आई शेजारी उभी राहून सांगायची, ही आखूड कर, अजून आखूड, हां, आता बोट हलू दे. दोघी हसून बेजार व्हायच्या. शेवटी आपाला ते इतकं जमलं, की कुठलं फूल आईचं आणि कुठलं आपाचं, हे मलाही सांगता येईना. वडील गेल्यावर आई रांगोळीवर हळदीकुंकवाची चिमूट टाकेनाशी झाली. आपाने ते न सांगता ओळखलं आणि तिनेही टाकली नाही.

एवढ्यावर भागलं नाही. ओट्यावरच्या दिव्याची एक वायर वडिलांनी भिंतीवरून आपाच्या घरात नेऊन ठेवली होती. आम्ही नसलो की संध्याकाळी आपा तिच्या घरातून आमचा दिवा लावायची आणि सकाळी मालवायची. दारात पडलेला पेपर उचलायची. दूधवाल्याला सांगून ठेवायची. शहागंजात दुकान असलेले तिचे मालक चेष्टेने म्हणायचे, मावशी घरात असतात तेव्हापेक्षा नसतात तेव्हाच तुमचं घर जास्त भरलेलं दिसतं.

मी तेव्हा वैजापूरला शाळेत शिकवत होते. तिथंच खोली घेऊन राहायचे, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायचे. माझं लग्न झालेलं नाही आणि तो विषय इथं नाही. मला चोराची भीती कधीच वाटली नाही. आमच्या घरात चोराने नेण्यासारखं काय होतं? मला भीती होती ती दुसरीच. आईने पासष्टी ओलांडली होती, तिला अधूनमधून चक्कर यायची, आणि ती रोज संध्याकाळी स्वतःला कड्या, अडसर आणि लोखंडी जाळ्यांच्या आत बंद करून घ्यायची. मागच्या दाराला तर तिने आतून पत्रा ठोकून घेतला होता. ही बाई आत पडली तर तिच्यापर्यंत पोचणार कोण, आणि कसं? दर सोमवारी गाडीत बसले की हाच प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसायचा.

"एक किल्ली आपाकडे ठेव," मी म्हणायचे.

"किल्लीनं काय होतंय? आतून कडी असल्यावर किल्ली काय करंल?"

"मग आतून एकच कडी लाव."

"तू आहेस व्हय इथं रातच्याला?"

मोबाईल तेव्हा नुकतेच लोकांच्या हातात दिसायला लागले होते. मी एक घेऊन देते म्हटलं तर म्हणाली, चोराला न्यायला अजून एक वस्तू. मी चिडायचे, तीही चिडायची, मग जेवायला बसायचो. दर शनिवारी तेच भांडण आणि तीच भाजी.

त्या वर्षी पाचोडला मामाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मी जाणार नव्हते. आई चार दिवस आधी निघणार होती. सकाळी तिने आपाला सांगितलं, निघते म्हणून. गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, फटींत पेपर कोंबले, पुढचं दार आतून लावलं, बोळात कुलूप लावून ते ओढून पाहिलं आणि रिक्षाने बसस्टँडला गेली. हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पुढचं तिने नंतर दवाखान्यात सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

गाडी सुटली. शहराच्या बाहेर पडता पडता तिच्या मनात आलं, गॅस खरंच बंद केला का? बटण आठवेना. शेजारच्या बाईने समजावलं, केलाच असेल. आईला असं समजावून कुणी काही थांबवू शकत नाही. तिने कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, उतरली, रिक्षा करून परत आली. बोळातलं कुलूप काढून आत गेली. गॅस बंदच होता. दुपार झाली होती, उन्हाने जीव घाबरा झाला होता, म्हणून तिने ठरवलं, आता उद्या जाऊ. मागचं दार लावून घेतलं, सगळ्या कड्यांसकट. आपाला सांगायला गेली नाही. आपाचं दार दुपारच्या झोपेसाठी बंद होतं, आणि गॅस बघायला गाडीतून उतरून आले हे ऐकून आपा हसली असती. पाय धुवायला ती न्हाणीघरात गेली आणि तिथं घसरली.

संध्याकाळी आपाने आमचा ओट्यावरचा दिवा लावला. सकाळी उठून पेपर उचलला, सडा टाकला आणि रांगोळी काढली. चार पाकळ्या, उजवीकडची तोकडी. तिसऱ्या दिवशीही काढली. दूधवाल्याला सांगितलं, मावशी गावाला गेल्यात. गल्लीतली माणसं त्या दारावरून कामाला गेली आणि परत आली. बूट जागेवर होते, दिवा वेळेवर लागत होता. मामाला वाटत होतं, अक्का उद्या निघेल, परवा निघेल. मला वाटत होतं, ती पाचोडला मजेत आहे. आई न्हाणीघरात पडल्या पडल्या हाका मारत होती, आणि फटींत तिनेच कोंबलेले पेपर तो आवाज आत अडवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाचा शाळेत फोन आला.

"अक्का आली नाय गं अजून. तब्येत बरी हाय ना तिची?"

मी घरी फोन लावला. वाजत राहिला. मग आपाकडे लावला. आपा हसूनच म्हणाली, मावशी तर परवाच गेल्या. मी म्हटलं, पोचली नाही. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. ती बोळात धावली होती. मागच्या दाराला कुलूप नव्हतं, आणि दार ढकलून उघडत नव्हतं.

वैजापूरहून येणारी ती गाडी मी कधीच विसरणार नाही, आणि तिच्यातलं मला काही आठवतही नाही. एवढंच आठवतं, की मी मनातल्या मनात कड्या मोजत होते. मागच्या दाराला किती, मधल्या दाराला किती, खिडकीची जाळी कुणी भिंतीत बसवली होती, किती खोल. एकेक आमच्याच पैशांनी, आमच्याच हौसेनं बसवलेली. मधेच मला आपाचा राग आला. रोज सकाळी तिथं वाकत होती आणि तिला काहीच कळलं नाही? मग आईचा आला. मग कुणाचाच राग करायचं त्राण राहिलं नाही.

मी पोचले तेव्हा दार अजून तुटायचं होतं. आधी गल्लीतल्या माणसांनी पोलिसांना बोलवावं की नाही यावर वेळ घालवला, मग जाळी कापायला कुणाला तरी आणायला पाठवलं, तो येईना. शेवटी आपानेच कुठून तरी पहार आणली आणि आपल्या मालकांच्या हातात दिली. पत्रा वाकत होता, पण निघत नव्हता. प्रत्येक घावाला सगळा बोळ दणाणत होता. आपा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बोटांना सकाळची रांगोळी तशीच होती, पांढरी.

पत्र्याचा खालचा कोपरा सुटला आणि घाव थांबले. तेव्हा आतून, फार लांबून यावा तसा, आवाज आला.

"अहो, बघा बरं कोण आलंय."

आपाचे मालक पहार टाकून तोंड फिरवून उभे राहिले.

आई जगली. बादली हाताला लागत होती, तिच्यातलं पाणी तिने ओंजळीने प्यायलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, मी लांबलचक रजा घेतली आणि पुढे जवळच्या गावात बदली मागून घेतली. आई बरी होऊन घरी आली तरी आपा आली नाही. भिंतीपलीकडे तिचा वावर ऐकू यायचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण ओट्यावर ती दिसायची नाही. मालकांकडून कालवण पाठवायची आणि डबा न्यायलाही त्यांनाच पाठवायची. दारापुढे रांगोळी नव्हतीच. मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते पांढरं पीठ हातात घ्यायचीही इच्छा होत नव्हती.

एके दिवशी आई म्हणाली, "बोलव तिला."

आपा आली आणि दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले. "मावशी, मी रोज इथं वाकले. रोज. तुमी आत होत्या आणि मी बाहेर रांगोळी काढत होते," ती म्हणाली.

आई पलंगावरून म्हणाली, "तुझं काम तर बरोबरच झालं की. चोर कुठं आला?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आपा आईच्या पायाशी बसली आणि बराच वेळ तिचे पाय चेपत राहिली. त्या दुपारी आईने नवीन नियम केला. आयुष्यभर नियम करणारी बाई, हा तिचा शेवटचा. यापुढे रिकाम्या घरापुढे कुणी कुणासाठी रांगोळी काढायची नाही. जो आत असेल त्यानेच काढायची. गावाला जायचं तर पुढच्या दाराला सगळ्यांना दिसेल असं कुलूप लावायचं, येऊ दे चोर आला तर. आणि घराला कुलूप नसून ओट्यावर ऊन येईपर्यंत रांगोळी दिसली नाही, तर दुसरीने काही विचारत बसायचं नाही, सरळ दार फोडायचं. मागच्या दाराचा पत्रा काढून टाकला. अडसर जळणात गेला. पहार आपाच्या दारामागे उभी राहिली.

आई नंतर पुष्कळ वर्षं होती. रोज वॉकर धरून दारात यायची, मी खाली बसून ती सांगेल तशी रांगोळी काढायचे. गेली ती झोपेत, माझ्या शेजारच्या पलंगावर, एकच कडी लावलेल्या घरात. तिच्या आधीच आपाचे मालक गेले होते. आपाची मुलं पुण्याला आणि पार दुबईला. आता भिंतीच्या अलीकडे मी एकटी आणि पलीकडे ती एकटी. तीही तिच्या दारापुढे रांगोळी काढते. तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी भुवया उंचावल्या तर सांगते, ये हमारा कुलूप है. गल्लीत आता घरोघरी कॅमेरे आहेत. माझ्या पाचोडच्या मामेभावाचा मुलगा म्हणतो, आत्या, कॅमेरा लावून देतो, मोबाईलवर पुण्यातून बघत जाईन. लावून दे म्हणते. अजून लावलेला नाही.

माझे गुडघे आता आईसारखे झालेत. रोज सकाळी खाली वाकणं जिवावर येतं. थंडीत तर असं वाटतं, कशाला हे? कोण येणार आहे, आणि आलंच तर काय नेणार आहे? गेल्या महिन्यात एका सकाळी मी वाकलेच नाही. ताप नव्हता, काही नव्हतं. नुसता कंटाळा आला होता. चहाही केला नाही, पलंगावर पडून भिंतीकडे बघत राहिले. ऊन ओट्यावर आलं असेल, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मागच्या दारावर धाडकन घाव पडला. मी दचकून उठले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अहो, बघा बरं कोण आलंय."

माझ्या घरात कधी कुणी अहो नव्हते. तरी तेच निघालं.

घाव थांबला. बाहेरून धाप लागलेला आवाज आला, "कोण येणार? मीच हाय. जिंदा हाय ना तू?"

दार उघडलं. आपा दोन्ही हातांनी पहार धरून उभी होती. ती तिला पेलवत नव्हती. दाराच्या खालच्या फळीला चांगलाच खड्डा पडला होता. मी म्हटलं, अगं, नुसता कंटाळा आला होता. ती रागावली नाही. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि पहार काठीसारखी टेकत माझ्याआधी घरातून पुढच्या दाराकडे चालत गेली. कडी काढली, कोनाड्यातला रांगोळीचा डबा घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"काढ."

"तूच काढ ना आजच्या दिवस. तुला येते आईसारखी."

"नक्को," ती म्हणाली. "आत तू हाय. तूच काढ."

मी भिंतीला धरून खाली बसले. चार पाकळ्या काढल्या. उजवीकडे हात पोचेना आणि गुडघा टेकवेना, ती पाकळी तोकडीच राहिली. ती पुरी होईपर्यंत आपा पहार टेकून दारात उभी होती. मग म्हणाली, चल, चहा टाक.